दगड ज्याचे त्याने मोजावेत

पूर्णा आणि नांदेड यांच्यामधल्या रेल्वेमार्गावर चुडावा लागते. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, आणि ओढा बराचसा नांदेडकडे. समजा, या गावातल्या एका तरुणाने पुस्तक काढले. कादंबरी नव्हे की कवितासंग्रह नव्हे. परभणी, नांदेड आणि हिंगोली या तीन जिल्ह्यांतल्या धंद्यांची सूची. कृषी सेवा केंद्रे, जिनिंग, हळदीचे आडते, बोअरवेलवाले, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकाने, मळणीयंत्र भाड्याने देणारे, टेम्पोवाले. नाव, पत्ता, मोबाइल. असल्या पुस्तकाला वाचक नसतो, गिऱ्हाईक असते. ते गल्ल्याजवळ दोरीने बांधलेले असते आणि वर्षभरात त्याचे कोपरे बोटांच्या हळदीने पिवळे होतात.

अशा सूच्या बहुतेक अकारविल्हे लावतात. याने तसे केले नाही. त्याने ती आठवडी बाजाराच्या वारांप्रमाणे लावली. सोमवारी बाजार कुठे, त्या गावात त्या दिवशी कोण सापडेल. मग मंगळवार, मग बुधवार. गावाकडचा माणूस ‘अ’पासून शोधत नाही, वारापासून शोधतो, हे त्याला ठाऊक होते. शिवाय प्रत्येक नोंदीपुढे त्याने एका ओळीचा शेरा लिहिला : उधारी नाही. दुपारी दोन ते चार बंद. वजन समोर करून देतात. मालक फोनवर कमी बोलतात, स्वतः जावे. या कामात दोन वर्षे मोटारसायकलवर गेली. पुस्तक निघाले, बऱ्यापैकी खपलेही. चार महिन्यांनी बाजारात दुसरी सूची आली. गुळगुळीत मुखपृष्ठ आणि निम्मी किंमत. आत तेच वार, त्याच नोंदी, तेच शेरे. पहिल्या पुस्तकात एका ठिकाणी ‘वजन’चे ‘वजण’ झाले होते, तेसुद्धा जसेच्या तसे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तरुण कल्पनेतला आहे. त्याच्या वाटेत येणारे कायदे आणि खटले खरे आहेत. व्यापाऱ्यांसाठी, वकिलांसाठी, कारखानदारांसाठी जी संदर्भाची पुस्तके निघतात, त्यांची नक्कल झाली तर कोर्ट काय देते आणि काय देत नाही, हे कळायला या मुलाच्या मागोमाग परभणीच्या वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसलेले बरे.

“वकीलसाहेब, दोन सालं फिरलो. पेट्रोलच केवढ्याचं जाळलं! अन् यानं दोन रात्रीत छापलं.”

“फिरलास ते खरं. पण फिरण्याचे पैसे कायदा देत नाही बाबा. पुस्तकात तुझं काय आहे, ते सांग.”

“सगळंच माझं आहे की.”

“दुकान त्याचं, नंबर त्याचा, गाव सरकारचं. तुझं काय?”

प्रश्न खोचक वाटतो, पण शंभर-दीडशे वर्षे जगभरची न्यायालये याच प्रश्नाशी झगडत आली आहेत. सुरुवात लंडनपासून करू. तिथे केली नावाच्या प्रकाशकाची ‘पोस्ट ऑफिस लंडन डिरेक्टरी’ प्रसिद्ध होती. मॉरिस नावाच्या माणसाने प्रतिस्पर्धी डिरेक्टरी काढायचे ठरवले. त्याने केलीच्या पुस्तकाची पाने कापून चिठ्ठ्या केल्या आणि त्या देऊन माणसे घरोघर पाठवली : एवढे बरोबर आहे का, विचारून या. केलीने दावा लावला. १८६६ साली न्यायाधीश पेज वूड यांनी मॉरिसला मनाई केली. त्यांनी दिलेले उदाहरण आजही वकील सांगतात. रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांचे पुस्तक करायचे असेल तर दुसऱ्याने मोजलेले उतरवून चालणार नाही. रस्ता सगळ्यांसाठी मोकळा आहे, स्वतः जावे आणि दगड स्वतः मोजावेत. दोन वर्षांनी त्याच लंडनच्या कोर्टात व्यापारी डिरेक्टरीचाच दुसरा खटला उभा राहिला, आणि या वेळी मॉरिस हे नाव वादीच्या रकान्यात होते. त्याच्या डिरेक्टरीच्या चिठ्ठ्या कुणीतरी कापल्या होत्या. मनाई मिळाली.

हा झाला घामाचा सिद्धांत. ज्याने घाम गाळला त्याचे फळ त्याला. शेतकऱ्याच्या मुलाला तो लगेच पटतो, आणि आपल्याकडच्या न्यायालयांनाही तो बराच काळ पटत होता. १९५५ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे इंग्रजी-तमिळ शब्दकोशाचा वाद आला, तेव्हा न्यायालयाने मान्य केले की कोशासारख्या संकलनात नवेपण थोडेच असते, पण त्या थोड्यालाही संरक्षण आहे. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे ‘बर्लिंग्टन होम शॉपिंग’चा खटला चालला. टपालाने माल विकणाऱ्या या कंपनीचा एक जुना नोकर गिऱ्हाइकांच्या नावपत्त्यांची यादी घेऊन बाहेर पडला होता. पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. आर. सी. लाहोटी यांनी वेळ, पैसा, श्रम आणि कौशल्य खर्चून केलेली ती यादी म्हणजे ‘साहित्यकृती’ आहे असे ठरवून मनाई दिली. पत्त्यांची यादी आणि साहित्य! पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येतच कोष्टके, संकलने आणि संगणकावरचे माहितीसंग्रह येतात. कायद्याला रसाशी देणेघेणे नाही.

घामाच्या सिद्धांताला पहिला मोठा धक्का अमेरिकेत बसला. कॅन्सस राज्यात रूरल नावाची एक छोटी टेलिफोन कंपनी होती. राज्याच्या नियमाप्रमाणे तिला दरवर्षी फोनधारकांची सूची काढावी लागे. फाइस्ट नावाची दुसरी कंपनी अकरा भागांची मिळून एक मोठी सूची काढत होती. तिने रूरलकडे परवानगी मागितली, रूरलने नाकारली, फाइस्टने नावे उचलली. रूरलने आपल्या सूचीत काही बनावट नावे पेरून ठेवली होती, नक्कल पकडण्यासाठी. त्यांतली चार नावे फाइस्टच्या पुस्तकात निघाली. चोर रंगेहात सापडला. आणि १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चोरी झालीच नाही! गावातल्या सगळ्यांची नावे अकारविल्हे लावणे यात कुणाचीच प्रतिभा नाही; तथ्य कुणाच्या मालकीचे नसते, ते शोधायला कितीही कष्ट पडलेले असोत. पेरलेली खोटी नावे नक्कल सिद्ध करतात, हक्क सिद्ध करत नाहीत. सूची करणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. युरोपने वेगळा रस्ता घेतला. १९९६ च्या निर्देशाने तिथे माहितीसंग्रहाच्या निर्मात्याला, त्याने केलेल्या गुंतवणुकीसाठी, पंधरा वर्षांचा वेगळा हक्क मिळाला. भारतात असा वेगळा हक्क नाही.

मग भारतात काय? इथे व्यापारी संदर्भग्रंथांतला सगळ्यात मोठा खटला येतो, आणि तो वकिलांच्याच टेबलावरच्या पुस्तकाचा आहे. लखनौची इस्टर्न बुक कंपनी १९६९ पासून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा निकालसंग्रह काढते. मूळ निकालाची प्रत मिळवायची, ती तपासायची, परिच्छेदांना आकडे घालायचे, संदर्भ जुळवायचे, वर सारांशाची टिपणे लिहायची. पुढे सीडीचे दिवस आले आणि ‘ग्रँड ज्युरिक्स’ व ‘द लॉज’ ही दोन सॉफ्टवेअर बाजारात आली. आपलेच संपादित निकाल त्यांत घातले आहेत, अशी कंपनीची तक्रार. खटला ‘इस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या नावाने ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १२ डिसेंबर २००७ चा.

न्यायालयाने मधला रस्ता काढला. न्यायालयाचे निकाल सगळ्यांचे. ते छापायची कायद्यातच मुभा आहे. स्वल्पविराम घातला, शुद्धलेखन सुधारले, जोडीचा संदर्भ दिला, एवढ्याने मूळ मजकूर तुमचा होत नाही. नुसता घाम पुरत नाही. पण अमेरिकेइतकी प्रतिभेचीही गरज नाही. कौशल्य आणि विवेक वापरलेला दिसला पाहिजे, त्यात किमान सर्जनाचा अंश पाहिजे. लांबलचक निकाल कुठे तोडून परिच्छेद करायचा, कोणत्या परिच्छेदाचा संबंध मागच्या कोणत्या परिच्छेदाशी आहे हे दाखवायचे, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणता असहमत हे नोंदवायचे, यासाठी कायदा समजावा लागतो. तेवढे कंपनीचे. ते वापरायला प्रतिपक्षाला मनाई झाली. टिपणांची नक्कल करायची नाही हे उच्च न्यायालयाने आधीच सांगितले होते. बाकी मजकूर घालून सीडी खुशाल विका.

मला हा निकाल पटतो. घामालाच मालकी दिली तर पहिला आलेला माणूस रस्ताच बंद करून बसेल, आणि परभणीच्या कृषी सेवा केंद्रांचे फोन नंबर एका पुस्तकाची जहागीर होतील. पण खेड्यातून खेड्यात हिंडून सूची करणाऱ्याला तो कठोर वाटणार, हेही खरे; शहरातल्या ऑफिसात बसून माहिती जमवणाऱ्याचा घाम आणि याचा घाम सारखा नसतो.

आता वकिलांच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. नाव, गाव, मोबाइल हे मुलाचे नाही. पण तीन जिल्ह्यांतल्या दुकानांतून कोणती घ्यायची ही निवड त्याची आहे. वारांप्रमाणे लावण्याची कल्पना नुसती कल्पना म्हणून कुणाचीच नाही. पण त्या कल्पनेतून प्रत्यक्ष उभी राहिलेली मांडणी, कोणते दुकान कोणत्या वाराखाली आणि कोणत्या क्रमाने, ती त्याची. आणि शेरे तर शंभर टक्के त्याचे. मुंबईतलाच एक जुना खटला इथे कामाला येतो. मॅकमिलन कंपनीने प्लुटार्कच्या अलेक्झांडर-चरित्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून उतारे निवडून, खाली टिपा देऊन शाळेसाठी पुस्तक केले होते. मुंबईच्या कूपर या प्रकाशकांनी तेच उतारे घेऊन आपले पुस्तक काढले. मुंबई उच्च न्यायालयातून वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२३ चा निकाल असा : जुन्या मजकुरातून काटछाट करून काढलेल्या उताऱ्यांवर मॅकमिलनचा हक्क नाही, टिपांवर आहे. कारण टिपा लिहायला वाचन लागते, काय सांगायचे आणि काय गाळायचे ते ठरवावे लागते. चुडाव्याच्या मुलाचा ‘मालक फोनवर कमी बोलतात’ हा शेरा त्याच जातीचा.

म्हणून मी सूची, दरपुस्तके, मार्गदर्शिका करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : पुस्तकात स्वतःला घाला. शेरा लिहा, वर्गवारी स्वतःच्या डोक्याने करा, कुणाला का घेतले आणि कुणाला का गाळले हे प्रस्तावनेत लिहा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढला तो काही माहितीच्या पोत्यांवर चालला नव्हता. कशाला किती जागा द्यायची हे ठरवणारे एक डोके त्याच्या मागे होते.

आणखी एक गाठ आधीच सोडवून ठेवावी. पुस्तक कुणाचे? मुलाने पगारी माणूस ठेवून नोंदी लिहून घेतल्या असतील तर हक्क पगार देणाऱ्याचा. पण ठरावीक रक्कम देऊन एखाद्या मास्तरांकडून शेरे लिहून घेतले असतील, तर ते मास्तरांचे. लेखी करार करून हक्क घेतला तरच आपले. आणि करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. तोंडी शब्दावर गावात शेत बटाईने देता येते, कॉपीराइट देता येत नाही.

नोंदणी केली नव्हती, म्हणून मुलगा घाबरलेला आहे. घाबरण्याचे कारण नाही. कॉपीराइट लिहिताक्षणी निर्माण होतो. नोंदणी असेल तर कोर्टात पहिला पुरावा तयार मिळतो एवढेच. नोंदणीशिवाय दावाच लावता येत नाही असा एक निकाल महाराष्ट्रात वकिलांना बराच छळत होता; २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी ‘संजय सोया’ खटल्यात ती समजूत खोडून काढली. वाद सोयाबीन तेलाच्या पाकिटावरच्या लेबलाचा होता, पण फायदा सूचीवाल्यालाही.

दावा कुठे लावायचा? पूर्णेच्या दिवाणी कोर्टात नाही. कायद्याने हा दावा जिल्हा न्यायालयात जातो, म्हणजे परभणीला. दाव्याची किंमत तीन लाख किंवा त्याहून अधिक असेल तर तिथल्याच व्यापारी न्यायालयात. नक्कल करणारा नांदेडचा असला तरी वादी जिथे राहतो वा धंदा करतो तिथे दावा लावण्याची सवलत कॉपीराइट कायद्याचे कलम ६२ देते. इतर दाव्यांत बहुधा प्रतिवादीच्या गावी जावे लागते. इथे लेखकाला घरचे अंगण दिले आहे. मात्र या सवलतीचा अतिरेक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी सांगितले. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था आयपीआरएस हिचे मुख्य कार्यालय मुंबईत, प्रतिवादीची चित्रपटगृहे महाराष्ट्रात, आणि दावा लावला दिल्लीत, तिथे शाखा आहे म्हणून. न्यायालय म्हणाले, ही सवलत वादीची सोय व्हावी म्हणून आहे, प्रतिवादीला दूर ओढत नेऊन दमवण्यासाठी नाही. मुख्य कार्यालय आणि घटना एकाच ठिकाणी असताना दावा तिथेच.

इथून पुढे मुलाला जे हवे आहे ते, आणि मिळू शकते ते, यांत फरक पडू लागतो. त्याला पैसे हवे आहेत. वकील म्हणतात, आधी छपाई थांबव.

कारण सूची हा नाशवंत माल आहे. कादंबरी दहा वर्षांनीही विकली जाते. धंद्यांची सूची वर्षभरात शिळी होते. दुकाने हलतात, नंबर बदलतात, माणसे धंदा सोडतात. दाव्याच्या तारखा मात्र आपल्या चालीने पडत राहतात. अंतिम निकाल लागेल त्या दिवशी पुस्तकातले निम्मे मोबाइल लागत नसतील. म्हणून या प्रकारच्या वादात खरी लढाई पहिल्या काही आठवड्यांत होते, तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर. आपल्या जिल्हा न्यायालयांत त्याला ‘निशाणी ५’चा अर्ज म्हणतात. दाव्याच्या फाइलीत या अर्जावर बहुधा हाच आकडा पडतो, आणि पुढे सगळी बोलणी त्या आकड्यावरच होतात. ‘निशाणी ५ मंजूर झाली’ म्हटले की पक्षकार सुटकेचा श्वास टाकतो.

न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात. वादीची बाजू प्रथमदर्शनी भक्कम दिसते का. मनाई न दिल्यास वादीचे जे नुकसान होईल ते मनाई दिल्याने प्रतिवादीच्या होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे आहे का. आणि ते पैशाने भरून निघणारे आहे का. पहिल्या कसोटीला ‘वजण’ उपयोगी पडते. एक चूक योगायोग म्हणता येईल. दहा चुका, बंद पडलेली तीन दुकाने आणि तेच शेरे, हे योगायोगाने जुळत नाही. दोन्ही पुस्तकांची पाने समोरासमोर ठेवून तक्ता करावा, भाषणापेक्षा तो अधिक बोलतो. आणि मुलाच्या दुचाकीच्या डिकीतल्या वह्या! तारखा, पावसाने पसरलेली शाई, दुकानदारांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेले नंबर. नक्कल करणाऱ्याकडे असे काही नसते. ‘तुमच्या वह्या दाखवा’ या एका प्रश्नावर त्याची गाडी अडते.

प्रकरण फारच निकडीचे असेल, उद्या माल गाड्यांत भरून जाणार असेल, तर दुसऱ्या बाजूला न ऐकताही मनाई देता येते. पण मग अर्जाचा निकाल तीस दिवसांत लावण्याचा न्यायालयाने प्रयत्न करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. प्रतिवादी माल लपवील अशी भीती असेल तर कोर्ट कमिशनर नेमून छापखान्याची आणि गोदामाची पाहणी करून घेता येते. तो जातो, मोजतो, फोटो काढतो, अहवाल देतो. प्रती किती, फाइल कुठल्या संगणकात, बिले कुणाच्या नावाची, हे सगळे त्या एका दिवशी कळते.

इथे उशीर नडतो. व्यापारी न्यायालयात दावा लावण्याआधी मध्यस्थीला जाणे २०१८ च्या दुरुस्तीने बंधनकारक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते सक्तीचेच आहे असे स्पष्ट केले. सूट एकालाच : ज्याला तातडीची अंतरिम मनाई हवी आहे. सहा महिने गप्प बसून मग ‘तातडी आहे’ म्हणणाऱ्याकडे न्यायाधीश चष्म्यावरून पाहतात. नक्कल चालूच असेल तर उशीर झाला म्हणून दार बंदच होते असे नाही, पण प्रश्न विचारले जातात आणि त्या प्रश्नांत दिवस जातात.

मनाई मिळाली तरी ती कशाला, हेही नीट समजून घ्यावे. मोडक खटल्याच्या धर्तीवर मुलाला मिळणारा हुकूम बहुधा असा असेल : ही मांडणी आणि हे शेरे छापू नका, विकू नका, पीडीएफ करून फिरवू नका. नावे आणि नंबर घेऊन स्वतःच्या क्रमाने स्वतंत्र सूची काढायला प्रतिवादी मोकळा राहील. मुलाला हे पचायला जड जाईल.

आता पैसे. कलम ५५ खाली नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीने मिळवलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. दोन्ही एकदम नाही. निवड करावी लागते. नुकसान दाखवायचे तर आपला खप किती घसरला ते दाखवा, आणि तो नक्कलेमुळेच घसरला हेही दाखवा. नफ्याचा हिशेब मागणे पुष्कळदा सोपे. समजा त्याने दोन हजार प्रती दीडशे रुपयांना विकल्या आणि प्रतीमागे नव्वद रुपये खर्च आला. साठ रुपयांप्रमाणे एक लाख वीस हजार. जाहिरातींचे उत्पन्न वेगळे, आणि सूचीच्या धंद्यात खरा पैसा जाहिरातींतच असतो. दंडात्मक भरपाईच्या बातम्या वाचून मात्र हुरळू नये. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाची नक्कल करणाऱ्यावर पाच लाखांची दंडात्मक भरपाई बसवली होती. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१४ मध्ये ती विचारसरणी नापसंत केली. आणि प्रतिवादीने हे दुसऱ्याचे आहे असे मला माहीत नव्हते, तसे वाटायला कारणही नव्हते, असे सिद्ध केले, तर भरपाई जाते. उरते मनाई आणि न्यायालयाला योग्य वाटेल तेवढा नफा. पुस्तकाच्या आतल्या पानावर हक्काची ओळ आणि वर्ष स्पष्ट छापले असेल तर हा बचाव लंगडा पडतो.

कलम ५८ मला फार आवडते. नक्कल केलेल्या प्रती आणि त्या छापण्यासाठी केलेल्या प्लेट कायद्याच्या नजरेत मूळ हक्कधारकाच्याच मालकीच्या ठरतात. त्याने कागद घेतला, शाई घातली, बाइंडिंग केले, आणि गठ्ठा तुमचा. प्रत्यक्षात त्या प्रतींचे करायचे काय हा प्रश्न उरतोच. स्वतःच्या पुस्तकाची वाईट छपाई कुणी विकत नाही.

फौजदारी वाटही आहे. जाणूनबुजून नक्कल केली तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. मे २०२२ मध्ये ‘निट प्रो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. उपनिरीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी वॉरंटाशिवाय प्रती आणि प्लेट जप्त करू शकतो. म्हणजे चुडाव्याच्या ठाण्यातही तक्रार देता येईल. पण मोडकसारख्या प्रकरणात कोणता मजकूर संरक्षित आणि कोणता नाही यावर सर्वोच्च न्यायालयाला पानेच्या पाने लिहावी लागली. ठाण्याच्या टेबलावर ते ठरणे कठीण. मुखपृष्ठासकट हुबेहूब छापलेल्या पुस्तकासाठी पोलीस, मांडणी उचललेल्या सूचीसाठी दिवाणी कोर्ट, असे मी म्हणेन.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात, आणि बहुतेक जण पायरीच्या अलीकडे नोटीस पाठवून थांबतात. नोटीस जरूर पाठवावी. पण जिथे हक्कच नाही तिथे वकिलाच्या लेटरहेडवर धमक्या पाठवण्याचा धंदाही चालतो, म्हणून कायद्यात कलम ६० आहे. पोकळ धमकी मिळालेला माणूस उलटा दावा लावून तसे जाहीर करून घेऊ शकतो आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. हे कलम दुसऱ्या बाजूच्या प्रामाणिक माणसासाठी आहे, आणि तोही गावचाच असतो. समजा तो स्वतः फिरला, आणि शेवटी काही राहून गेले का हे ताडून पाहायला त्याने मुलाचे पुस्तक उघडले. जुन्या सूचीवरून कुठे जायचे ते कळले, तिथे जाऊन माहिती स्वतः घेतली, तर त्यात वावगे नाही, असे मॉरिसच्याच १८७० च्या आणखी एका खटल्यात इंग्लंडमधल्या न्यायालयाने म्हटले होते. रस्ता विचारायला हरकत नाही.

तेव्हा चुडाव्याचे, पूर्णेचे, वसमतचे जे कोणी अशी पुस्तके करीत असतील, त्यांना एवढीच विनंती. पुस्तक छापून झाले की कच्च्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नका; तारखांसकट पेटीत ठेवा. दुसऱ्याचे पुस्तक हाती आले की त्याच आठवड्यात दोन प्रती बिलासकट विकत घ्या, त्या बिलावर तारीख असते. आणि नुकसानभरपाईचा दावा लावण्याची मुदत नक्कल झाल्या दिवसापासून तीन वर्षे आहे.